पाहुण्यांची साखर

तुमच्या गोठ्यात गाय व्याली, तर तिच्या पहिल्या दुधाचं तुम्ही काय करता? आणि तुमच्या घरात सून बाळंत झाली, तर तिच्या पहिल्या दुधाचं काय करता?

हे दोन प्रश्न हिरूतात्या भोईर कुणालाही विचारतो. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे आनंदाने देतात. खरवस! वेलची घालतो, गूळ घालतो, शेजारीपाजारी वाटतो. दुसऱ्या प्रश्नाला माणसं इकडेतिकडे बघतात. एखादी म्हातारी खरं सांगते, "ते पिवळं ना? ते जड असतं. पिळून टाकायचं."

"बघा!" तात्या ओरडतो. "गाईचं घरोघर वाटायचं नि बाईचं मातीत!"

ओरडतो म्हणजे खरोखर ओरडतो. कर्जतजवळच्या दहिवलीला तात्याची भाताची गिरणी आहे. सारा जन्म त्या यंत्राच्या धडधडीत गेल्यामुळे कान अधू झालेत आणि आवाज गिरणीच्या मापाचा झालाय. तो कानात सांगतो तेव्हा नाक्यापर्यंत ऐकू जातं. असा माणूस देवाधर्माचं बोलला असता, हवापाण्याचं बोलला असता, तर दहिवलीने त्याला केव्हाच मानाचं पान दिलं असतं. पण तात्या बोलतो आईच्या दुधाबद्दल. आणि त्यातसुद्धा दुधातल्या साखरेबद्दल.

बायका पदर सावरून वळतात. पुरुष चपला बघतात. मी लहान असल्यापासून त्याच्या शेजारी राहते. तो समोरून येताना दिसला की आई मला म्हणते, "चल गं लवकर, आला तो दुधवाला."

हे वेड लागलं ते अंगणवाडीत. गिरणीला लागूनच अंगणवाडी आहे. एकदा दुपारी वीज गेली, गिरणी बंद पडली, आणि स्वस्थ बसणं या माणसाला जमत नसल्यामुळे तो अंगणवाडीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत एक डॉक्टरीणबाई गरोदर बायकांना माहिती देत होत्या. त्या म्हणाल्या, आईच्या दुधात नेहमीची साखर असते, स्निग्ध पदार्थ असतात, आणि त्यांच्या खालोखाल असते ती वेगळ्याच प्रकारची गुंतागुंतीची साखर. शंभराहून अधिक प्रकारची. आणि गंमत म्हणजे बाळाला ती पचतच नाही.

"मग घातली कशाला?" दारातून गिरणीचा आवाज आला. तीन बायका दचकल्या, एक पोर रडायला लागलं.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि सांगितलं. तेव्हापासून तात्या जे सांगत फिरतो ते असं:

"बाळाची नाय ती साखर! पाव्हण्यांची हाय! बाळाच्या पोटात चांगले जंतू वस्तीला येतात. त्यांचं जेवण ते. आई बाळाला वाढते नि बाळाच्या पाव्हण्यांना पण वाढते. ते जेवले की आतड्याची राखण करतात, वायटाला आत घेत नायत. सांगा, असं घर कुठं हाय का, जिथं पाव्हणे जेवून भांडी घासून जातात?"

मग आवाज थोडा खाली. म्हणजे नाक्याऐवजी देवळापर्यंत.

"आन वायट जंतू आलाच, तर त्याला लटकायला आतड्याच्या भिंतीवर खुंटी लागते. ह्या साखरेला तशीच खुंटी असते. हुबेहूब! तो गडी तिलाच लटकतो. त्याला वाटतं, बसलो घरात. नि सकाळी लंगोटातनं बाहेर!"

इथे तो टाळी देतो. समोरच्याने हात पुढे केला नाही तर स्वतःच्याच हातावर.

मी एरवी पत्रकं लिहिते. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा मोहोपाड्याच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे, आणि मी अक्षरं शिकले ती 'कामगार बंधूंनो' वरून. त्यामुळे तात्या माझ्याकडे आला, "पोरी, तुझी ती कागदं काढतेस ना, तसं माझं एक काढ." मी मोठ्या हौसेने लिहून दिलं. बाजारपेठ, नफा, मातृत्वाची लूट, सगळं होतं त्यात. त्याने उभ्याउभ्या वाचलं, परत केलं.

"ह्याच्यात दूध कुठं हाय गं?"

मी रागावले. घरी येऊन पुन्हा वाचलं. दूध शेवटच्या ओळीत होतं.

तात्याचं सगळंच बरोबर असतं असं नाही. मध्यंतरी तो सांगायला लागला की ही साखर पोटात गेलेली पोरं वर्गात पहिली येतात. डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेलं. त्या गिरणीवर आल्या आणि म्हणाल्या, "तात्या, आतड्याचं, जंतूंचं सांगता ते सांगा. हुशारीवर अजून अभ्यास चाललाय. ते सिद्ध झालेलं नाही."

"व्हईल तवा परत फिरून सांगतो," तात्या म्हणाला. पण त्या दिवसापासून पहिला नंबर बंद केला.

एकदा तर त्याने मोठाच घोळ घातला. औषधाच्या दुकानात एक तरुण बाई बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा घेत होती. तात्या मागे उभा. "बाय, ह्या डब्यात ती साखर एक नायतर दोन जातीची, ती पण कारखान्यात केलेली! तुझ्याकडं शंभर जातीची हाय नि फुकट हाय!"

बाई वळली. रडेल असं वाटलं, पण ती रडणाऱ्यातली नव्हती. "काका, मी मोहोपाड्याला कंपनीत जाते. सकाळी निघते ते अंधार पडल्यावर घरी. तिथं दूध काढून ठेवायला जागा नाय. संडासात काढू का? बोला की आता, एवढं मोठ्यानं बोलताय तर!"

तात्याने तिच्या डब्याची पिशवी उचलून तिच्या स्कूटरला अडकवून दिली. एवढंच त्याला सुचलं.

दुसऱ्या दिवशी तो मोहोपाड्याला गेला. त्या कंपनीच्या फाटकासमोर उभा राहिला आणि गिरणीच्या आवाजात म्हणाला, "बाळंतिणीला खोली द्या!" पुन्हा म्हणाला. पुन्हा म्हणाला. शिफ्ट सुटली, बाया हसत-लाजत बाजूने गेल्या. वॉचमनने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "बाबा, तुमचं कोण हाय इथं कामाला?"

"कोण नाय."

"मग?"

"मग काय? कोण असायला लागतं का?"

खोली मिळाली नाही. अजूनही मिळालेली नाही. मी जन्मात लिहिलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा हे तीन शब्दांचं पत्रक चांगलं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. डबा घेणाऱ्या कुठल्याही बाईला तात्या पुन्हा कधी बोलला नाही. "तिचं बराबर हाय," तो म्हणायचा, "आमचंच चुकतंय."

हे सगळं मी हसत सांगत आले असते, जर आमच्या ताईचं बाळंतपण आलं नसतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई दहिवलीला आली होती. कर्जतला एका लहानशा दवाखान्यात पहाटे मुलगी झाली. ताईच्या सासूबाई खालापूरकडच्या डोंगराखालच्या गावातून सकाळीच येऊन पोचल्या. हातात पिशवी. पिशवीत मधाची बाटली आणि सोन्याची अंगठी. त्यांच्या घरात मूल जन्मलं की आधी अंगठीने मध चाटवायचा, तिसऱ्या दिवसापर्यंत गुळाचं पाणी, आणि आईचं पिवळं दूध वाटीत पिळून टाकायचं. त्यासाठीची वाटीसुद्धा त्यांनी घरून आणली होती.

सिस्टरने सांगितलं, मध द्यायचा नाही, बाळाला लगेच अंगावर घ्या. सासूबाईंनी सिस्टरकडे असं बघितलं की सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे निघून गेली. मी बोलले. मी चांगली दहा वाक्यं बोलले, सगळी मुद्देसूद. सासूबाई म्हणाल्या, "तुझं लगीन झालंय का?"

माझी आई दोघींच्या मध्ये उभी. मुलीची आई. व्याह्यांना दुखवायचं नाही हे तिच्या हाडात. ती नुसती म्हणत होती, "बघू, बघू." ताई दमून डोळे मिटून पडलेली. तिचं दूध उतरत नव्हतं, नुसते दोन पिवळे थेंब. बाळ तोंड उघडून मान इकडेतिकडे करत होतं. काहीतरी त्या तोंडात जाणार होतं. काय जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि खोलीत चार बायका असून त्याचं उत्तर कोणी देत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. "मुलगी झाली ना? लई बेस!"

आईने कपाळाला हात लावला.

तात्या आला तो हातात स्टीलचा डबा घेऊन. त्याची गाय आदल्या दिवशीच व्यालेली. दारातूनच त्याने पाठ करून, म्हणजे बाळंतिणीकडे न बघता, झाकण उघडून डबा मागे सासूबाईंपुढे धरला.

"विहीणबाई, हा बघा चीक. पिवळा ना? तुमच्या सुनंचं पण पिवळं. देवानं एकच रंग दोन ठिकाणी उगाच लावला का? पहिल्या दुधात ती साखर सगळ्यात जास्त! पहिल्याच दिवशी पाव्हण्यांची पंगत बसते!" आणि मग पाहुणे, खुंटी, लंगोट, सगळं झालं. बाजूच्या खोलीतली बाळंतीण हसताना ऐकू आली.

सासूबाई डोक्यावरचा पदर धरून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी मधाची बाटली उचलली आणि पिशवीत परत ठेवली.

तात्याला आनंद आवरेना. "बघितलं?" तो मला म्हणाला. "च्या आणतो सगळ्यांना!" डबा खिडकीत ठेवून तो जिना उतरला. मी सिस्टरला शोधायला गेले. ताईला बसवायचं होतं, बाळाला कसं धरायचं ते दाखवायला हवं होतं.

परत आले तर सासूबाई खिडकीशी उभ्या. डब्याचं झाकण उघडं. त्यांनी चमचा भरला होता आणि बाळाला डाव्या हातावर घेतलं होतं.

"मावशी, हे काय?"

"पाव्हण्यांचं पटलं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या दुधात ताकद हाय. हिचं अजून धड उतरत नाय. हे ताजं हाय, आपल्या माणसाच्या गोठ्यातलं हाय."

मी काही बोलण्याआधी दारातून कोणीतरी म्हणालं, "विहीणबाई, नको."

मी वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. तात्या होता. हातात चहाची किटली. त्याचा असा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. साध्या माणसाचा आवाज होता.

"नको," तो पुन्हा म्हणाला. "गाईचं वासराला. ते ह्या पोटाचं नाय. ती साखर ह्याच्यात नावालाच हाय." किटली त्याने जमिनीवर ठेवली. "मला हेच पाजलं व्हतं."

सासूबाईंचा चमचा तिथेच थांबला.

"मी झालो नि आय गेली. गोठ्यात गाय व्यालेली. आजीला वाटलं, चीक हाय, ताकदीचा हाय. वायट मनानं नाय दिलं तिनं. पोट फुगलं, हगवण लागली. मला सुपात ठेवला व्हता. खड्डा खणायला माणूस पण सांगून ठेवला व्हता."

"मग रं?" माझी आई म्हणाली. इतक्या वर्षांची शेजारीण, तिलाही हे माहीत नव्हतं.

"खळ्यावर कातकरी माणसं कामाला आलेली. त्यातली एक बाई. तिच्या कडेवर तिचं पोर. तिनं कोणाला विचारलं पण नाय. मला उचलला नि लावला. मग रोज येत व्हती. घरात नाय घेतलं तिला. गोठ्यामागं बसून पाजायची. दिवाळी झाली, तिची सगळी वाडी दरसालासारखी कोळशाच्या भट्टीवर कामाला निघून गेली. ती मागं राहिली. मला दात येईपर्यंत."

सासूबाईंनी चमचा डब्यात टाकला. "नाव काय तिचं?"

"तवा कोण विचारतंय तिला?" तात्या म्हणाला. "आमच्यात तिला 'ती पाजणारी' म्हणायचे."

बाळ जोरात रडलं. सासूबाईंनी डब्याला झाकण लावलं, वाटी पिशवीत कोंबली आणि ताईच्या पाठीशी पलंगावर चढून बसल्या. "उठ गं माझी बाय. टेक माझ्यावर. दोन थेंब तर दोन थेंब." मग दाराकडे बघून, "पाव्हणं, तुमी भायेर व्हा आता. किती ऐकवाल!"

तात्या बाहेर जाऊन बाकावर बसला, भिंतीकडे तोंड करून. सिस्टर आली, तिने बाळाचं डोकं कसं धरायचं ते दाखवलं. ताई कळवळली, रडली, बाळ सुटलं, पुन्हा लागलं, पुन्हा सुटलं. आई म्हणत होती, "लागंल, लागंल." आणि मग बाळाच्या गालाची हालचाल बदलली. सगळ्यांना एकदम कळलं.

"वढतंय का गं?" बाहेरून गिरणी धडधडली. अख्ख्या दवाखान्याने ऐकलं.

"ओढतंय, तात्या!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याएवढ्या मोठ्याने बोलले असेन.

मी बाहेर गेले. तो डोळे पुसत नव्हता, पण चष्मा काढून हातात धरला होता.

"तिचं पोर कसं असंल गं?" तो म्हणाला. "तिच्याकडं माझ्यासाठी म्हणून येगळं काय नव्हतं. त्याच्या तोंडचंच मला दिलं. जगलं का ते? भाऊ हाय का भईण, ते पण मला माहीत नाय."

दर रविवारी तात्या स्कूटर घेऊन कुठे जातो ते मला त्या दिवशी कळलं. आम्हाला वाटायचं भजनाला. तो जातो कातकऱ्यांच्या वाड्यांवर. कर्जतच्या, खालापूरच्या, डोंगराच्या कडेच्या. जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारतो, तुमच्यातल्या कोणी दहिवलीच्या भोईराचं पोर पाजलं होतं का? आणि म्हातारी माणसं गप्प होतात, तरुण माणसं पुढे येतात, आणि त्याला वाटेला लावतात. त्यांचंही खरं आहे. आजकाल वाडीवर परका माणूस येऊन जुनी नावं, जुनी नाती विचारायला लागला, की तो एकाच कामासाठी आलेला असतो. सातबारा शोधायला. कुणाची जमीन कुणाच्या नावावर, कुणाचा वारस कुठे, सही कुणाची घ्यायची. फार्महाऊसवाल्यांचे एजंट असेच गोड बोलत येतात. ज्यांच्या दुधावर आमची माणसं वाढली, त्यांच्याकडे आम्ही इतक्या वेळा लुबाडायला गेलो, की आता कोणी आभार मानायला गेलं तरी दार लागतं.

"तू लिहितेस ना," तात्या म्हणाला, "मग हे लिव. पण दूध शेवटच्या ओळीत टाकू नको."

म्हणून हे लिहिलं. मागणं एवढंच. तुम्ही शिक्षक असाल, अंगणवाडीताई असाल, आरोग्यसेविका असाल, कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर तुमचं नेहमीचं येणंजाणं असेल, तुमच्यावर तिथल्या लोकांचा विश्वास असेल, तर पुढच्या वेळी एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी जरा वेळ बसा. विचारा, तुमच्यात कधी एखादी बाई भट्टीवर न जाता मागे राहिली होती का, दहिवलीच्या एका बिनआईच्या पोराला पाजण्यासाठी. जमिनीचं काही विचारू नका, काही लिहून घेऊ नका, अंगठा मागू नका. तिचं नाव काय होतं, तेवढं विचारा, आणि त्यांची हरकत नसेल तर दहिवलीच्या भाताच्या गिरणीवर येऊन ते सांगा.